कोरड्या खळ्यावरची रोवणी

आमगावच्या मिडल स्कूलचे हेडमास्तर चैतराम कटरे गुरुजी नसते, तर मी आज दिवाळी अंकात लेख लिहिण्याऐवजी दिवाळी अंकाच्या पानात बांधलेले मुरमुरे खात बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, बसलो असतो. त्यात सुख कमी होतं असं मी म्हणणार नाही. पण संपादकांनी ‘तुमच्या नोकरीबद्दल लिहा’ म्हटलं, आणि नोकरीबद्दल लिहायचं तर गुरुजींपासूनच सुरुवात करावी लागते. मला घडवण्याचा आरोप कुणावर ठेवायचा झाला तर तो त्यांच्यावरच येईल.

आमचं गाव आमगावपासून पायी जाण्याइतकं. घरी धानाची शेती, थोडी स्वतःची, थोडी ठेक्याची. शाळा ही रोवणी आणि कापणी यांच्या मधल्या फटीत बसवायची गोष्ट होती. चौथी झाल्यावर बाबांनी मला काढून घेतलं. त्या पावसाळ्यात गुरुजी छत्री घेऊन थेट आमच्या बांधीवर आले.

“पोरगा कायले थांबवला?”

“रोवणी कोन करन गुर्जी? तुमी?” बाबा चिखलातूनच म्हणाले.

बाबांनी टोमणा मारला होता. गुरुजींनी तो खरा धरला. चपला काढल्या, कोट आणि छत्री माझ्या हातात दिली, धोतर खोचलं आणि पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी घेऊन ते माझ्या जागी उभे राहिले. ज्यांनी रोवणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कमरेत वाकायचं आणि रोपं चिखलात खोचत मागे मागे सरकायचं. पुढे पाऊल टाकलं की आपणच लावलेलं आपण तुडवतो. गुरुजी दिवस मावळेपर्यंत मागे मागे जात राहिले. त्या रात्री बाबांनी माझं दप्तर शोधून दिलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. तिथे गुरुजींनी मला उशीर झाला म्हणून मारलं.

गुरुजींना दोन गोष्टींचा राग होता. एक उशीर, दुसरी दंडार. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्रा. ज्याच्या त्याच्या गावाचा दिवस ठरलेला, त्यामुळे पाहुणे एका मंडईतून दुसरीत जात राहतात आणि जिलेबीचं दुकान त्यांच्या मागोमाग. मंडईत दंडार होते. ढोलकी, टाळ, गाणी, आणि गावातले पुरुष, निम्मे लुगड्यात, घाम निथळेपर्यंत नाचतात. या दिवसांत गुरुजींच्या शाळेत हजेरी घ्यायला गुरुजी आणि शिपाई एवढेच उरत. मग ते छत्री घेऊन मंडईत जात आणि सापडेल त्या पोराला बखोटीला धरून आणत. मी सहावीत असताना मला लुगड्यासकट आणलं होतं. वर्गासमोर त्यांनी स्वतःच्या रुमालाने माझ्या गालांची लाली पुसली आणि त्याच जागी लगेच दुसरी आणली.

असं मार खात खात मी नागपूरला पोहोचलो आणि बी. एस्सी. झालो. घराण्यातला पहिला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होती. मला सरकारच्या प्रसिद्धी खात्यात, गोंदियाच्या फिरत्या सिनेमाच्या गाडीवर नोकरी लागली. पदार्थविज्ञान शिकलेला माणूस जनरेटर दुरुस्त करू शकेल असा खात्याचा समज होता. जनरेटर प्रत्यक्षात आमचे ड्रायव्हर पांडेजी दुरुस्त करत, लाथ मारून.

काम असं. दिवसा गावात पोहोचायचं, दोन बांबूंना पडदा बांधायचा, अंधार पडला की सरकारी चित्रपट लावायचा. बरेच चित्रपट मुके असत, मी माइकवरून बोलायचो. लोक पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसत. मागे बसणाऱ्यांना सगळं उलटं दिसायचं, देशातले सगळे पुढारी डावखुरे. त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. एका गावी खताच्या खड्ड्यांवरचा चित्रपट चालू असताना तिथल्या पाटलाने उठून खेळ थांबवला. पडद्यावरचा बैल त्याचा होता, आदल्या वर्षी चोरीला गेलेला. हा चित्रपट पंजाबात काढलाय म्हटलं तर म्हणाला, “मंग चोर पंजाबात गेला. लिवून घ्या.” मी लिहून घेतलं.

पुढे खात्याने मला चावीचा कॅमेरा दिला. त्याला गजराच्या घड्याळासारखी चावी द्यायची. पूर्ण चावी दिली की तो अर्धा मिनिट चालतो आणि मग धापा टाकत थांबतो. पुन्हा चावी. आवाज टिपला जात नाही. काय टिपलं तेही लगेच कळत नाही. फिल्म धुवायला मुंबईला जाते आणि काही आठवड्यांनी परत येते, तोवर आपण चांगलं काम केलंय असं समजायला मोकळे.

मी अजून हंगामी होतो. मला कायम करायचं की निरोप द्यायचा, हे नागपूरच्या साहेबांनी माझ्या पहिल्या चित्रपटावर काय शेरा लिहिला त्यावर ठरणार होतं. हुकूम आला. धानाच्या सुधारित रोवणीवर चित्रपट काढावा, दोरी लावून सरळ ओळीत रोवणी कशी करावी ते दाखवावे. हुकूम योग्यच होता. फक्त तो दिवाळीनंतर आला. रोवणी पावसाळ्यात होते. हुकूम माझ्या हातात पडला तेव्हा रोवलेलं धान वाढून, पिकून, कापून खळ्यावर आलं होतं. मी तसं कळवलं. उत्तर आलं की हंगामाची सबब चालणार नाही.

मी गावी गेलो आणि फागूला गाठलं. फागू आमच्या गावच्या दंडारीचा म्होरक्या, माझ्या बरोबर चौथीपर्यंत शिकलेला. पुढे त्याच्या बांधीत कुणी उतरलं नाही. दुसऱ्याच दिवशी गावची मंडई होती आणि तो ढोलकीला शाई लावत बसला होता. मी अडचण सांगितली.

“चिखल नाई, पानी नाई, पऱ्हे नाई,” फागू म्हणाला. “मंग रोवाचं काय?”

“नाचून दाखवायचं. दंडारीत दाखवता तसं.”

“नाचून? सरकारले?”

“हो.”

“सरकारले समजन का?”

“सरकारला रोवणी तरी कुठे समजते?”

हे फागूला पटलं. मलाही बोलल्यावर पटलं.

मंडईच्या दिवशी दुपारी खळं शेणाने सारवलं. फागूची दहा-बारा माणसं ओळीत उभी केली, निम्मी लुगड्यात, कारण रोवणी बायाच जास्त करतात आणि लुगडी तयारच होती. हुकुमाप्रमाणे दोरी बांधली. मी तिपाईवर कॅमेरा पक्का केला आणि अडचण समजावली. मशीन अर्ध्या मिनिटाने थांबेल. मी चावी देईन. तोवर जो जसा असेल तसाच राहील. मशीन चालू झालं की तिथूनच पुढे नाचायचं, म्हणजे पडद्यावर सांधा दिसणार नाही.

“ऐकलं का रे?” फागू आपल्या लोकांना म्हणाला. “मशीन झोपलं का आपन मेलो. मेलेला मानूस बोलत नाई, खाजवत नाई, थुंकत नाई.”

पांडेजी गाडीच्या टपावर पाय सोडून बसले होते. ते म्हणाले, “बाबूजी, बिना पानी की खेती हमने बहुत देखी, बिना जमीन की पहली बार देख रहे हैं।”

ढोलकी सुरू झाली. आणि खरं सांगतो, मी हसायला विसरलो. ती माणसं कोरड्या खळ्यावर चिखलात उतरली. पाय उपसून काढावा लागतो तसे काढत होती. रिकाम्या मुठीतून रोपं खोचत मागे सरकत होती, दोरीला धरून, अगदी सरकारच्या मनासारखी सरळ. कॅमेरा थांबला की सगळी ओळ वाकलेली तशीच दगड. मी चावी द्यायचो, ‘चालू’ म्हणायचो, दगड पुन्हा रोवणी करू लागायचे. एकदाच सोमा नावाच्या गड्याने नियम मोडला. मशीन झोपलेलं असताना तो लुगडं सावरत कुडाच्या पलीकडे गेला आणि परत यायला त्याने दोन चाव्या घेतल्या. मेलेल्या माणसाला ही गरज पडणार नाही असं फागूने गृहीत धरलं होतं.

चार-पाच चाव्या झाल्या असतील. मी कॅमेऱ्यावर वाकून चावी पिळत होतो. मागून ओळखीचा आवाज आला.

“काऊन रे, काय करून राहिलेत?”

कटरे गुरुजी पोरं पकडायला मंडईत आले होते. कोट, काळी टोपी, हातावर छत्री. ते सरळ ओळीत घुसले. ओळ वाकलेलीच. कुणी मान वर केली नाही.

“फागू! मी तुलेच विचारून राहिलो.”

फागू मेलेला होता. तो कसा बोलेल?

गुरुजींनी छत्रीच्या टोकाने त्याच्या कमरेला टोचलं. फागू हलला नाही. आपल्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेला माणूस हाक मारल्यावर उत्तर देत नाही, हे गुरुजींनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते त्याच्या भोवती एक चक्कर मारून आले, त्याच्या वाकलेल्या पायांकडे पाहिलं आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

“रोवणी करून राहिलास का शेन उचलून राहिलास? गुडघा असा ताठ ठेवतात का? दोन बांध्यांत कंबर मोडन. सरक तिकडे. पाहा इकडे.”

फागू सरकला नाही. गुरुजी त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेत, कुडापलीकडे गेलेल्या सोमाच्या जागेत, उभे राहिले आणि कमरेत वाकले.

माझी चावी पूर्ण झाली होती. मी भिंगातून पाहिलं तर ओळीच्या मधोमध गुरुजी. हातातलं काम अर्ध्यावर सोडू नये, हे मला ज्याने शिकवलं तोच माणूस समोर वाकलेला. माझ्या तोंडून सवयीने ‘चालू’ गेलं आणि अंगठ्याने बटण दाबलं.

ढोलकी कडाडली, ओळ हलली आणि गुरुजी मागे सरकले. ते नाचत नव्हते. ते फागूला शिकवत होते. पण ढोलकी त्यांच्या पायात शिरली होती. डावा पाय मागे, उजवा त्याला येऊन मिळतो, हात खाली, मूठ उघडते, पुन्हा डावा. हातावरची छत्री तालात झुलत होती. त्यांनी किती तरी पावलं घेतली. मग त्यांच्या लक्षात आलं की दगड नाचू लागले आहेत. त्यांनी मान वर केली, सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी चावी संपली. ओळ पुन्हा मेली.

“देव्या.”

“जी गुर्जी.”

“हे काय आहे?”

“सरकारी काम आहे, गुर्जी.”

गुरुजींनी टोपी सरळ केली, कोट झटकला आणि ते मंडईत निघून गेले. त्या दिवशी जिलेबीच्या दुकानाजवळ जी पोरं त्यांच्या हाती लागली, त्यांना त्यांच्या गुन्ह्यापेक्षा बरंच जास्त मिळालं असं नंतर कळलं.

फिल्म धुऊन आली आणि मी ती नागपूरला साहेबांच्या खोलीत लावली. साहेबांकडे त्या दिवशी मुंबईच्या एक बाई आल्या होत्या, नृत्याच्या कुठल्याशा समितीवरच्या. खादी रेशीम, मोठं कुंकू, मांडीवर वही. पडद्यावर फागूची ओळ वाकली तशी साहेबांची मानही माझ्याकडे वळली.

“देवराम, ही रोवणी आहे की तमाशा?”

“रोवणीचीच दंडार आहे, साहेब. ओळ सरळ आहे.”

“आणि या बायका?”

“पुरुष आहेत, साहेब.”

तेवढ्यात सोमा पडद्यावरून गडप झाला. त्याच्या जागी नुसती फट, आणि ओळ तशीच नाचतेय. बाई पुढे सरकल्या. “हे फार धाडसी आहे. एक नर्तक नाहीसा होतो आणि त्याची जागा रिकामी ठेवून नाच चालू राहतो. हा अभावाचा विचार तुम्हाला कसा सुचला?”

“तो लघवीला गेला होता, बाई.”

बाईंनी ते बहुधा ऐकलं नाही, कारण आता फट भरली होती. कुठूनही न येता, कोट-टोपी-छत्रीसह, एक माणूस ओळीच्या मध्यात उगवला होता. तो मागे मागे जात रिकाम्या हाताने खळ्यावर भात लावत होता. आणि त्याच्यासमोर फागूची सगळी माणसं नाचणारी वाटू लागली, तो मात्र नुसता रोवणी करणारा. मग त्याने मान वर करून आमच्या तिघांकडे पाहिलं आणि तो नाहीसा झाला. त्याच्या जागी पुन्हा सोमा आला, चेहऱ्यावर समाधान घेऊन.

“पुन्हा लावा,” साहेब म्हणाले. पुन्हा लावल्यावर म्हणाले, “आणखी एकदा.”

बाईंच्या मते हा पडद्यावरचा प्रयोग होता, असा नाच रंगमंचावर होऊच शकत नाही, तो फक्त फिल्मवर आहे. साहेबांच्या मते बाई म्हणतात ते खरं होतं. त्यांनी शेरा लिहायला लेखणी उचलली, छत्रीवाला कोण ते विचारलं, आणि आमगावच्या शाळेतले गुरुजी म्हटल्यावर ती खाली ठेवली. “पहिला खेळ आमगावला, त्या शाळेच्याच मैदानात. मी स्वतः येतो. तो पाहून शेरा लिहीन.”

“साहेब, ते हेडमास्तर आहेत. दंडारीला गेलं म्हणून त्यांनी निम्म्या तालुक्याला मारलंय. लोक त्यांची थट्टा करतील. तेवढा भाग काढला तर?”

“तेवढा भाग काढला तर उरतं काय? लुगड्यातले बाप्ये आणि एक दोरी. त्यावर मी काय शेरा लिहू ते तुम्हीच सांगा.”

ते मी सांगू शकलो असतो.

गोंदियाला परतल्यावर मी कात्री घेतली. फिल्म कापणं सोपं असतं. जोडताना टोक खरवडून, औषध लावून, दाबून धरावं लागतं. मी गुरुजींचा तुकडा कापला, वरची-खालची टोकं जोडली, तुकड्याची गुंडाळी करून तपकिरीच्या डबीत ठेवली आणि पत्रासह पांडेजींच्या हाती आमगावला पाठवली.

पांडेजींनी डबी कानाशी हलवली. “इसमें आपकी नौकरी है क्या, बाबूजी?”

“गुरुजी आहेत,” मी म्हटलं.

खेळाच्या दिवशी मी मैदानात पडदा बांधत होतो. साहेबांची जीप यायची होती. गुरुजींकडून काही निरोप नव्हता, आणि मी मनातल्या मनात बाबांना काय सांगायचं ते जुळवत होतो. दिवस कलता कलता गुरुजी शाळेतून चालत आले आणि त्यांनी डबी गाडीच्या बॉनेटवर ठेवली.

“जोड.”

“गुर्जी, लोक हसतील.”

“हसतीलच. मी उजेडात धरून पाह्यलं ना. एवढेसे एवढेसे गुर्जी, एकाखाली एक, सगळे वाकलेले. मलेबी हसू आलं.” मग ते शाळेतल्या मराठीवर आले. “पण तो फागू माझ्याकडे बघत का नाही? मी शिकवतोय आणि हा जमिनीकडे बघतोय. हे सगळ्यांना दिसायला पाहिजे.”

“जी.”

“आणि पत्रात शेवटी जे लिहिलंस, त्याचं नंतर पाहू.”

मी तुकडा जोडला. घाईत एक सांधा जरा जाड झाला. अंधार पडला, साहेबांची जीप आली, मैदान भरलं. गुरुजींसाठी पुढे खुर्ची मांडली होती, पण ते सतरंजी घेऊन पडद्याच्या मागे जाऊन बसले. म्हणाले, “समोर बसलो तर लोक पडदा सोडून मलेच पाहातीन.”

चित्रपट मुका होता, पण आमगावला मुका राहिला नाही. फागूने ढोलकी आणली होती. तो पडद्यावरच्या स्वतःला साथ करू लागला, आणि मी यंत्राची गती त्याच्या थापेबरोबर कमी-जास्त करत गेलो. जाड सांध्यावर पडदा एकदा दचकला आणि गुरुजी उगवले. मग सगळं मैदान असं हसलं की पांडेजी जनरेटर फुटला समजून धावले. आणि हसता हसता लोक टाळ्या वाजवू लागले, तालात, फागूच्या थापेवर. गुरुजी गडप झाले तेव्हा ओरडा सुरू झाला, “गुर्जीले अखीन आना! गुर्जीले अखीन आना!” मी रीळ उलटं फिरवून पुन्हा लावलं. मग पुन्हा.

साहेबांनी मला विचारलं, “ते गृहस्थ कुठे आहेत?” मी बोट दाखवलं. साहेब पडद्यामागे गेले आणि बराच वेळ तिकडेच होते. पांडेजींनी पाहिलं, गुरुजींनी त्यांना निम्मी सतरंजी दिली होती. तिथून दोघांना गुरुजी उलटे दिसत असणार, उजवा पाय मागे टाकणारे.

मी कायम झालो. पुढच्या वर्षी मंडईच्या दिवसांत गुरुजींनी दंडारीला गेलेल्या पोरांना नेहमीसारखंच नेमाने झोडपलं. एका नाचाने माणूस बदलतो असं मानणाऱ्यांनी आमगावला येऊन चौकशी करावी.

तो चित्रपट आता नाही. राज्यांची नव्याने रचना झाली तेव्हा खात्याचे डबे काही भोपाळला गेले, काही मुंबईला. आमचा कुठे गेला ते दोन्हीकडे कुणाला माहीत नाही. मी पुष्कळ पत्रं लिहिली. त्यानंतर नोकरीत मी धरणं, पूल आणि फिती कापणारे मंत्री एवढेच टिपले. ते सगळं नीट जपून ठेवलेलं आहे. कुणी ‘पुन्हा लावा’ म्हटल्याचं मला आठवत नाही.

गुरुजी गेल्यावर त्यांच्या मुलाने माझं पत्र परत आणून दिलं. गुरुजींनी ते लाल शाईने तपासलं होतं. वर ‘अक्षर सुधारले’ असा शेरा होता. शेवटच्या दोन ओळींना मात्र त्यांनी शाई लावली नव्हती. पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप गुरुजींस,

देवरामचा साष्टांग नमस्कार.

सोबतच्या डबीत फिल्मचा तुकडा आहे. खिडकीशी उजेडात धरून पाहावा. मंडईच्या दिवशी खळ्यावर आपण फागूला रोवणी दाखवत होता तेव्हा मशीन चालू होते. ते मी चालू केले होते, फागूला बोलू नये.

हा तुकडा शाळेच्या मैदानात सर्वांना दाखवावा असे साहेब म्हणतात. मैदान आपले आहे आणि पोरेही आपली आहेत. म्हणून तो कापून आपल्याकडे पाठवीत आहे. याची दुसरी प्रत नाही. आपण तो चुलीत घातला तरी मी विचारणार नाही. माझ्या नोकरीची काळजी करू नये. शिकलेला माणूस उपाशी मरत नाही असे आपणच बाबांना सांगितले होते. खरे की खोटे ते आता कळेल.

कापण्याआधी मी तो पुष्कळ वेळ पाहिला. मुंबईच्या बाई याला नाच म्हणाल्या. मला आमची बांधी दिसली. त्या दिवशी मी आपला कोट पोटाशी धरून, वर छत्री उघडून धुऱ्यावर उभा होतो. आपण असेच मागे मागे जात होता. ढोलकी नव्हती, पण पाय असाच पडत होता. माझ्या जागी आपण उतरला होता, म्हणून मी कोरडा राहिलो. हे आपल्याला तोंडाने सांगण्याचे धाडस मला कधी झाले नाही, आणि आता तर अंगठ्याने भलतेच करून ठेवले आहे.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
देवराम

ता. क. माझ्या वहीवर आपण नेहमी खरेच लिहिले, म्हणून मीही खरे लिहितो. गुडघा थोडा ताठ आहे, गुरुजी, आणि मागे सरकताना छत्री आडवी येते.
तालाला मात्र पैकीच्या पैकी.